उन्हातली मुलाखत

शेंदूरजनाघाटाच्या चारी अंगांनी त्या साली संत्र्याची झाडं तोडणं चालू होतं. एक उन्हाळा लोकांनी टँकरनं पाणी आणून झाडं धरली. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरमधून पाण्याऐवजी नुसता फुस्स आवाज यायला लागला, तेव्हा लोकांनी कुऱ्हाडी काढल्या. सकाळी झाड पडायचं, दुपारी ट्रॅक्टरमध्ये चढायचं आणि दिवस मावळला की गावातल्या चुलींमध्ये संत्र्याचं लाकूड जळायचं. त्या धुराला कडूगोड वास होता. बाहेरगावचा पाहुणा म्हणायचा, वास छान येतो. गावातली माणसं चुलीत पुढचं लाकूड सारत.

बागवानांचे फोटो पेपरात येत. वाळलेल्या झाडाला हात लावून उभा असलेला मालक, मागे पांढरं आभाळ. संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकणाऱ्याचा फोटो काढायला मात्र कोणी आलं नाही.

वकार पेट्या ठोकायचा. त्याचा बापही तेच करायचा. मंडीच्या रस्त्यावर टिनाचं शेड, आत फळ्यांच्या थप्प्या, खिळ्यांचे डबे आणि पहाटेपासून हातोडीचा ठणठणाट. संत्रा त्याच्या पेटीत बसून दिल्ली, कलकत्ता बघून आला होता. वकार नागपूरच्या पुढे गेला नव्हता. आता राहिलेला थोडाफार माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जाऊ लागला होता. दिवाळीनंतर शेड बंद झालं. उन्हाळ्यापर्यंत वकारच्या तळहातावरचे घट्टे नरम पडून सोलायला लागले. तो बाजेवर बसून ते कातडं नखानं उपटत बसायचा, आणि त्याची बायको गुलनार म्हणायची, "नका उपटू न. लागन पुन्हा काम."

"लाकूड पाहून येतो," म्हणून तो रोज सकाळी निघायचा. पेटीच राहिली नव्हती, तर लाकूड कशासाठी पाहायचं, हे घरात कोणी विचारत नव्हतं.

तो काम पाहायला जायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसानं, ज्यानं जन्मात कोणाच्या हाताखाली काम केलं नाही त्यानं, लोकांच्या दारात जाऊन 'काम हाय काय' म्हणायचं, ते कसं म्हणायचं हेच त्याला येत नव्हतं. पहिल्यांदा तो भगवंतरावांकडे गेला. संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या पेट्या वकारनं वर्षानुवर्षं ठोकल्या होत्या. भगवंतरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"वकारभाई, तुमच्यासारख्या कारागिराले मी काय काम सांगू? मायी जीभ तरी उचलन काय?"

वकारला म्हणायचं होतं, सांगा, गोडाऊन झाडतो. चहा गरम होता. तो पिऊन होईपर्यंत ते वाक्य तोंडात आलं नाही. बाहेर आल्यावर त्याला कळलं की मान देऊनही माणसाला दारातून परत लावता येतं.

वरुडच्या आरागिरणीवर मान वगैरे काही नव्हता. तिथल्या मुनिमानं वर न पाहता विचारलं, "वय?" आणि वर पाहिल्यावर म्हणाला, "काका, घरी बसा. आल्लाचं नाव घ्या." दुसऱ्या एका दुकानात त्याला उद्या या म्हणाले, उद्या गेला तर परवा या म्हणाले, आणि परवा ओळखच दाखवली नाही. त्या दिवशी वकारनं न्हाव्याकडे जाऊन दाढी आणि डोकं काळं करून घेतलं.

गुलनार दारातच उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "कोणाच्या लग्नाले चालले?"

"लय पांढरी झाली होती," तो म्हणाला आणि आत गेला.

घर चालत होतं ते मिरचीवर. राजुऱ्याच्या बाजारातून व्यापारी लाल मिरचीची पोती घरोघरी टाकायचा. बायका देठ खुडून द्यायच्या. गुलनार आणि तिची मुलगी जेबा दिवसभर ओसरीत मिरचीच्या ढिगाशी बसायच्या. नाकावर ओढणी बांधली तरी ठसका लागायचाच. हात असे पोळायचे की संध्याकाळी पाण्यात बुडवले तर आग अजून वाढायची; ताकात बुडवून बसावं लागे. जेबा बी.कॉम. झालेली होती. वरुडच्या कॉलेजात तिचा वर्गात दुसरा नंबर होता. त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन वर्षं देठ खुडण्यात गेली होती.

नोकरीसाठी ती दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा वरुडच्या एका पतसंस्थेत. तिथे टेबलापलीकडे चार माणसं बसली होती. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का पाहिजे?" जेबा घरून पाठ केलेलं सगळं विसरली आणि म्हणाली, "मले कामाची गरज हाय." चौघंही हसले. ते काही पुण्याचे नव्हते. त्याच मातीतले, घरी 'मले-तुले'च बोलणारे होते. पण त्या खोलीत ते हसले, आणि त्यातला एक म्हणाला, "शुद्ध बोला, बाई, ग्राहकांशी बोलायचं आहे." ग्राहक म्हणजे कोण, तर वरुडचेच शेतकरी.

दुसऱ्यांदा एका शाळेत, कारकुनाच्या जागेसाठी. पोरंपोरी सकाळपासून बाकावर बसली. एक तरुण सगळ्यांची नावं घेत होता, रांग लावत होता, आत चहा पोचवत होता. शाळा सुटायच्या वेळेला कळलं की जागा त्यालाच द्यायची आधीच ठरलेली आहे. तो महिनाभरापासून कामावरही आहे. बाकीचे कागदावर दाखवायला बोलावले होते. जेबा एसटीत बसल्यावर ओढणीत तोंड घालून रडली नाही, कारण शेजारी गावची बाई बसली होती. त्यानंतर मात्र 'मुलाखत' हा शब्द निघाला की ती उठून मिरचीच्या ढिगाशी जाऊन बसायची.

"तुले काय वाटते, मी पहिल्याच डावात लागली?" नीलम म्हणाली. नीलम तिची कॉलेजातली मैत्रीण, बुद्धविहाराजवळ राहणारी. आता अमरावतीला एका विम्याच्या ऑफिसात कामाला होती आणि रविवारी गावी यायची. "मीबी रडत येत होती. तुले सांगत नोती, एवढंच."

नीलमनं तिच्याकडून तयारी करून घेतली. अंगणात दोन खुर्च्या मांडून ती साहेब व्हायची. नीलमची आई बाजूला गहू निवडता निवडता ऐकायची.

"दोन वर्षं काय केलं?"

"घरीच होती."

"असं नाई म्हणायचं. घरगुती उद्योगात हातभार लावला, म्हण. भेव वाटलं तं खुर्चीची कड धर. वडील काय करतात?"

जेबानं आधी नीलमच्या आईकडे पाहिलं.

"व्यवसाय, म्हण. सांग."

"माझ्या वडिलांचा व्यवसाय आहे," जेबा म्हणाली.

"कशाचा?"

"लाकडाचा."

"बस. याच्या पुढं ते विचारत नाईत."

नीलमनंच पेपरातली जाहिरात आणून दिली होती. अमरावतीच्या अलीकडे, मोर्शी रोडवर नवं कोल्ड स्टोरेज उघडत होतं. हिशेबासाठी मुली पाहिजेत, मालासाठी माणसं पाहिजेत, स्थानिकांना प्राधान्य. जिथं संत्रा वाळून मेला तिथं बाहेरची सफरचंदं ठेवायला थंड खोल्या बांधल्या होत्या. लोक त्यावर हसत होते आणि अर्जही करत होते.

मुलाखतीच्या दिवशी वकार अंधार फिटायच्या आत बाहेर पडला. "अमरावतीले एका ठिकाणी लाकूड हाय म्हणते," तो म्हणाला. तो गेल्यावर जेबानं केस विंचरले, नीलमनं दिलेली निळी ओढणी घेतली. बापाला तिनं सांगितलं नव्हतं. तो सोबत यायला निघाला असता, बाहेर उभा राहिला असता, आणि आतून नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पाहावं लागलं असतं. गुलनारनं तिच्या बोटांना खोबरेल लावून दिलं. आदल्या दिवसाच्या मिरचीनं ती अजून लाल होती.

"भेव नको," गुलनार म्हणाली. "ते का खाऊन राहिले तुले?"

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी दोन रांगा होत्या. आत डाव्या हाताला कापडी मांडव, त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे ऑफिसच्या जागांसाठी आलेली पोरंपोरी बसली होती. उजव्या हाताला उघडी, नुसती खडीगिट्टी टाकलेली जागा. तिथे माणसं उकिडवी बसली होती, डोक्यावर दुपट्टे, रुमाल, एकाच्या डोक्यावर रिकामं पोतं. ऊन तेव्हाच गिट्टीवरून उलटं तोंडावर यायला लागलं होतं.

जेबा मांडवाकडे वळली आणि थांबली. उकिडव्यांच्या रांगेत, फाटकाजवळच, हिरव्या शर्टात तिचा बाप बसला होता.

वकारनंही तिला पाहिलं. त्याचा चेहरा आधी घाबरल्यासारखा झाला, मग एकदम बंद झाला. त्यानं मान एवढीशी हलवली: नको. आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्याच्या शेजारी डोमाजी नावाचा संत्रातोडीचा मजूर बसला होता. सकाळच्या जीपमध्ये दोघांची ओळख झाली होती. त्यानं विचारलं, "ओयखीची हाय काय ते पोरगी? तुमच्याकडं पाहून राहिली."

"नाई," वकार म्हणाला. "आपली कोठून?"

जेबाला ते ऐकू आलं. ती जाऊन मांडवाखाली खुर्चीवर बसली. तिला राग यायला हवा होता, पण कळत होतं की बाप तिच्यासाठीच खोटं बोलला. या गिट्टीवर बसलेल्या माणसाची ही पोरगी, असं आत कोणाला कळू नये म्हणून. आणि तीही 'लाकडाचा व्यवसाय' पाठ करून आली होती. तिला खुर्चीत बसवेना.

मांडवात एक बाई स्टीलच्या पेल्यांतून पाणी देत फिरत होती. पार्वताबाई म्हणत तिला; झाडलोट, पाणी तिच्याकडे होतं. गिट्टीकडे ती गेली नाही. जेबानं विचारलं, "त्याईले नाई काय?"

"मले इतकंच सांगतलं," पार्वताबाई हळूच म्हणाली आणि पुढे गेली.

जेबाचं नाव पुकारलं तेव्हाच बाहेर शिटी वाजली. आत थंड खोली होती, पंखा, टेबल, टेबलामागे एक साहेब आणि एक मॅडम. कोपऱ्यात तिवईवर मोठा माठ, त्यावर पांढरं फडकं. साहेबांच्या मागे खिडकी होती, आणि खिडकीतून गिट्टीची जागा दिसत होती.

"बसा. स्वतःबद्दल सांगा."

जेबानं सांगायला सुरुवात केली. नीलमनं घटवून घेतलेलं जसंच्या तसं येत होतं. तिनं खुर्चीची कड धरली होती. बाहेर शिटी वाजवणाऱ्या मुकादमानं माणसांना उभं केलं होतं. भरलेल्या क्रेट एकेकाच्या खांद्यावर देऊन तो त्यांना शेडभोवती पळायला लावत होता. पळत आलं की पुन्हा शिटी, पुन्हा फेरी. सावलीत उभे असलेले दोघं-तिघं ड्रायव्हर टाळ्या देत होते, कोण आधी पडतो ते एकमेकांना सांगत होते.

"कॉलेजनंतर दोन वर्षांचा खंड दिसतो?"

"घरगुती उद्योगात हातभार लावला," जेबा म्हणाली.

हिरवा शर्ट खिडकीत आला. वकारच्या खांद्यावर क्रेट होती, तोंड उघडं होतं. तो पळत नव्हता. पाय टाकत होता, पण पडू नये म्हणून ते पाय पळाल्यासारखे पुढे जात होते. घामानं दाढीचा रंग सुटून गळ्यावर काळे ओघळ आले होते. शिटीवाला त्याच्या बाजूनं उलटा चालत मोठ्यानं म्हणाला, "काका, दाढीले रंग देल्ला, आता गुडघ्याले कोण देईन?"

ड्रायव्हर हसले. शिटीवाल्याला बरं वाटलं. त्यानं तेच पुन्हा म्हटलं.

"वडील काय करतात?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या वडिलांचा..." जेबा थांबली. खुर्चीची कड तिच्या हातातून सुटली. तिनं हात उचलून खिडकीकडे बोट केलं.

"ते. हिरव्या शर्टवाले. ते माये अब्बा."

साहेब वळले. त्याच वेळी वकारचा पाय गिट्टीत मुरगळला आणि तो एका गुडघ्यावर बसला. क्रेट मात्र त्यानं पडू दिली नाही.

"अरे," मॅडम म्हणाल्या, "आधी सांगायचं ना. त्यांना आत बसवलं असतं."

"अन् बाकीच्याले?" जेबानं विचारलं.

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हे बघा, काम अवजड आहे. माणूस झेपेल का ते बघावं लागतं. त्यात वैयक्तिक काही नाही."

"अवजड काम ते जलमभर करून राहिले, साहेब. उचलून दाखव म्हणा, ते उचलतीन. पण शिटी कावून? हसून कावून राहिले ते लोक? तुमी मायी मुलाखत घेऊन राहिले, तं मले खुर्ची देल्ली, पाणी देल्लं, अहो-जाहो केलं. बाहेरचे बी मुलाखतीलेच आले न? त्याईले सकाळपासून पाणी कोणी देल्लं?"

"आपला विषय अकाउंटचा आहे," साहेब म्हणाले.

"माया विषय हाच हाय."

आपण 'मले' म्हणालो, 'माया' म्हणालो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. कोणी हसलं नव्हतं. ती उठली, कोपऱ्यात गेली, माठावरचं फडकं बाजूला केलं आणि माठ कमरेवर घेतला. पाणी उचंबळून तिचा कुडता भिजला.

"अहो, हे काय?" साहेब अर्धे उठले.

"रिकामा करून आणून ठेवते," जेबा म्हणाली.

दारात पार्वताबाई उभी होती. तिनं माठाकडे पाहिलं, आत साहेबांकडे पाहिलं, आणि हातातले पेले घेऊन जेबाच्या मागे चालायला लागली.

वकार तोवर उठला होता. गुडघ्याला गिट्टी रुतून पायजमा लाल झाला होता. त्यानं फेरी पुरी केली, क्रेट खाली ठेवली, आणि समोर पाहतो तर कमरेवर माठ घेऊन पोरगी.

"तू कावून भायेर आली?"

"पाणी घ्या."

"मुलाखत झाली?"

"झाली. घ्या न, अब्बा."

त्यानं पेला घेतला नाही. त्याचे ओठ फाटले होते, तरी त्यानं मागे बोट केलं. "आधी डोमाजीले दे. लय खोकून राहिला."

डोमाजी घटाघटा पेला प्याला आणि दुसरा भरून घेतला. मग त्यानं दोघांकडे पाहिलं. "ओयखीची नाई म्हणत होते न, वकारभाई?"

वकारनं तोंडावरचा घाम पुसला. काळा रंग सगळा हातावर आला. तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोरगी हाय मायी."

माणसं माठाभोवती आली. कोणी ओंजळीनं प्यालं, कोणी दुपट्टा भिजवून डोक्यावर घेतला. शिटीवाला धावत आला. "कोणी सुट्टी देल्ली? चला! जो उभा नाई राहणार त्याचं नाव कटलं."

काही माणसं लगेच उठली. तोंड पुसत गेली आणि क्रेट खांद्यावर घेतल्या. जेबाला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरी काय असेल हे तिला ओसरीवरच्या मिरचीच्या ढिगाइतकं ठाऊक होतं. डोमाजी उठून उभा राहिला, पण त्याचा पाय निघेना.

"मले जा लागते, वकारभाई."

"जा," वकार म्हणाला. "त्याच्यात तुयी लाज नाई. लाज त्याची हाय." त्यानं शिटीवाल्याकडे बोट केलं. मग त्यानं पोरीच्या हातातून पेला घेतला आणि गिट्टीवर खाली बसून, सावकाश, तीन घोटांत पाणी प्याला.

"बुढ्या, तुयं नाव कटलं," शिटीवाला म्हणाला.

"कटू दे."

जेबानं रिकामा माठ परत नेऊन तिवईवर ठेवला. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मॅडमनी पाहिलं.

एसटीत वकार खिडकीशी बसला. मोर्शीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "मायापायी तुयी नोकरी गेली."

"गेली तं गेली."

"गेली तं गेली नाई म्हणायचं!" तो असा ओरडला की पुढचे लोक वळले. "मी तोंड फिरवलं होतं न? मी त्या रांगेत मेलो असतो तरी तुले काय करायचं होतं? तू आत खुर्चीवर बसली होती. तुले पायलं अन् मले वाटलं, पडू दे आता काई बी. माया डोळ्यानं पायलं मी, मायी पोरगी खुर्चीवर बसली म्हणून."

जेबानं त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा धरला, तेव्हा राहू दिला.

"मीबी खोटंच बोलणार होती, अब्बा," ती म्हणाली. "लाकडाचा व्यवसाय म्हणणार होती. तुमी मले लपवलं, मी तुमाले लपवणार होती. आपुन काई चोरी केली काय कोणाची?"

वकार बाहेर पाहत राहिला. रस्त्याच्या कडेनं तोडलेल्या झाडांचे बुंधे मैलभर चालले होते.

घरी गुलनारनं गुडघा पाहिला, गळ्यावरचे काळे ओघळ पाहिले, आणि सगळं ऐकून घेतलं. मग ती आधी दोघांवरच तुटून पडली. एक लाकूड पाहाले जाते, एक मले सांगून बापाले न सांगता जाते, घर हाय का सराय? असं बराच वेळ चाललं. गुडघा गरम पाण्यानं धुताना मात्र ती दात चावून म्हणाली, "सफरचंदाले थंडी पायजे मेल्याईच्या. माणसाले सावली देत नाईत."

आठवड्यानं कोल्ड स्टोरेजचा माणूस गावात आला. हिशेबाच्या जागेसाठी जेबाला घेतो म्हणाला; मॅडमनी सांगितलंय. "फक्त तसं पुन्हा व्हायचं नाही, एवढं कबूल करा."

जेबा ओसरीतून न उठताच म्हणाली, "भाऊ, मॅडमले सांगा, मजुराच्या रांगेले पाणी अन् सावली द्यायचं कबूल करा. मी उद्याच येते." वकार आत होता. तो बाहेर आला नाही, पण त्यानं पोरीला थांबवलंही नाही. माणूस विचारून सांगतो म्हणाला. तो पुन्हा आला नाही.

आपण चुकलो की काय, असं जेबाला वाटलंच. पोत्यातल्या मिरच्या संपत नव्हत्या. पण नंतर मोर्शीला एका डोळ्यांच्या दवाखान्यात मुलाखतीला बोलावलं, तेव्हा ती काही पाठ न करता गेली. दोन वर्षं काय केलं म्हणून विचारलं, तर तिनं हात पुढे केले आणि म्हणाली, मिरच्या खुडल्या. वडील काय करतात म्हटल्यावर म्हणाली, पेट्या ठोकायचे, आता काम शोधून राहिले. मग तिनंच विचारलं, पगार कोणत्या तारखेला होते आणि शेवटच्या गाडीच्या आधी सुट्टी होते का. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुढल्या सोमवारपासून ये म्हणाल्या.

वकारनं त्यानंतर केसांना रंग लावला नाही. दाढी अर्धी काळी, अर्धी पांढरी अशी वाढत गेली, आणि तशीच घेऊन तो दारोदार फिरला. सकाळी निघताना आता तो सांगून जायचा: काम पाहाले चाललो. कुठे नाही म्हणाले तर तेही घरी येऊन सांगायचा. पावसाळा लागता लागता वरुडला दारं-खिडक्या बनवायच्या एका नव्या दुकानात त्याला ठेवून घेतलं. वकारला पोरगा असता तर तो मालकाच्याच वयाचा असता.

पहिल्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा दोघी मायलेकी भाकरी घेऊन त्याच्यासाठी थांबल्या होत्या. अंगावर भुसा होता, तळहाताला नवा फोड आला होता.

"कसा हाय मालक?" गुलनारनं विचारलं.

"बरा हाय. तोंडाचा वंगाळ हाय. सकाळपासून 'अबे बुढ्या, अबे बुढ्या'."

"अन् मंग? तुमी काय म्हणाले?"

"काई नाई म्हणालो." वकारनं भाकरी मोडली. "तो हाका मारत राहिला, मी रंधा मारत राहिलो. बाकीचे म्हणे, तुमाले बलावून राहिले. म्हटलं, मले कोठी? बुढ्या कोणीतरी दुसरा असन." त्यानं घास तोंडात टाकला, चावला, गिळला. "दिवस बुडतानी 'वकारभाई' म्हणाला. तवा मान वर केली."